नावात एक काम

घरात लग्न निघालं की मी आधी वही काढते. माझ्या मुलाच्या लग्नाची यादी चौसष्ट कलमांची झाली. त्यातलं तेविसावं कलम होतं, 'नवरदेवाचं नाव – सपकाळ बाई'. नाव म्हणजे उखाणा. आमच्या भोकरदनकडे उखाणा घालत नाहीत, नाव घेतात. हॉल, आचारी, बँड ही कलमं मार्गी लावून मी सपकाळ बाईंना नाशिकला फोन केला. त्या सध्या मुलीजवळ असतात.

"बाई, मुलाचं लग्न ठरलं. त्याच्यासाठी एक नाव पाहिजे."

"वा! पोरगं काय काम करतं?"

"पुण्याला कंपनीत आहे. इंजिनिअर."

"ते न्हाई विचारलं. घरात काय काम करतं?"

मी वहीचं पान उगाच उलटलं.

"गाढे मॅडम, अठरा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलात ना? मंग तुम्हाला नियम माहीत हाये. आठ दिवस. त्याच्यानंतर फोन करा."

त्यांनी फोन ठेवला. मी तेविसाव्या कलमापुढे 'आठ दिवस' असं लिहिलं. बाई शाळेतून गेल्यापासून मला असं कोणी तपासलं नव्हतं. बरं वाटलं.

निर्मला सपकाळ आमच्या शाळेत गणित शिकवायच्या. मी भूगोल शिकवते आणि वेळापत्रक लावते. बाई बुटक्या, चालायला जल्दी, आवाज वर्गाच्या मागच्या भिंतीला जाऊन परत येईल असा. पर्समध्ये पत्र्याची जुनी कंपासपेटी. त्यात कर्कटक एकच, बाकी सेफ्टी पिना, लवंगा, सुईदोरा आणि एक लाल पेन. भूमितीत त्यांचा जीव. पक्ष, साध्य, सिद्धता हे तीन शब्द त्या फळ्यावर लिहायच्या तशाच आयुष्यातही वापरायच्या. शिक्षक खोलीत कोणी म्हणालं, "माझा भाऊ फार हुशार आहे," की बाई वहीतून मान वर न करता म्हणायच्या, "हे झालं साध्य. सिद्धता?"

पण गावात त्यांना गणिताच्या बाई म्हणून कमी लोक ओळखायचे. 'नावाच्या बाई' म्हणून जास्त. भोकरदनपासून धावड्यापर्यंत कुठंही लग्न असलं की नवरीची मावशी नाहीतर नवरदेवाची आई त्यांच्याकडे यायची. नवरीला त्या पाच मिनिटांत नाव करून द्यायच्या. नवरदेवाला मात्र स्वतः यावं लागायचं. तो आला की त्याला समोर बसवून त्या विचारायच्या, "घरात काय करतोस?" बहुतेकांना प्रश्नच कळायचा नाही. एकजण म्हणाला होता, "जेवतो."

मग बाई त्याच्या आईला विचारून एक काम ठरवायच्या. एकच, पण रोजचं. ते काम त्यानं लग्नाआधी सलग आठ दिवस करायचं आणि घरातल्या एखाद्या बाईनं साक्ष द्यायची, की खरंच केलं. नंतरच नाव मिळायचं, आणि नावात ते काम असायचं. माझ्याकडे त्यांची बरीच नावं उतरवलेली आहेत. एक असं होतं:

पितळेच्या तांब्याला चिंचेची चकाकी,
पूजा झाडते घर, पुसणं माझ्याकडं बाकी.

आणि मिरचीच्या हंगामात धावड्याच्या एका मिरचीवाल्याच्या मुलासाठी:

हिरव्या मिरचीला यंदा भाव आला तेजीचा,
स्वातीसंगं निवडीन मी पाला मेथीच्या भाजीचा.

"पाचशे माणसांसमोर माइकवर बोललेलं पोरगं सहजी मोडत न्हाई," त्या म्हणायच्या. "चंद्र-तारे कोणीबी आणून देतं. ते आणायला जावंच लागत न्हाई."

सहा महिन्यांनी बाई तपासायला जायच्या. आधी न कळवता. बाजाराच्या दिवशी जाता जाता उभ्या उभ्या शिरायच्या, पाणी प्यायच्या आणि नवरीला एकटीला विचारायच्या, "चालू हाये का?" काही ठिकाणी चालू असायचं, काही ठिकाणी बंद पडलेलं असायचं. बंद असेल तिथे त्या नवऱ्याला फक्त त्याचं नाव पुन्हा म्हणायला लावायच्या. एवढंच. रागावल्याचं मी कधी पाहिलं नाही.

आता यातली गंमत सांगते. बाईंचे यजमान भगवानराव हे आमच्या शाळेतल्या सगळ्या बायकांच्या मते जगातले सगळ्यात प्रेमळ नवरे होते. बाजारपेठेत त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. सकाळी मोटारसायकलवर बाईंना शाळेत सोडायचे, पाचला फाटकाशी हजर. उभा पाऊस असो, ऊन असो. रोज संध्याकाळी केळीच्या पानात बांधलेला मोगऱ्याचा गजरा. मोगरा नसेल त्या महिन्यात अबोली, तीही नसेल तर शेवंती. बाईंना ते 'निर्मल' म्हणायचे, चारचौघांत, आणि तेही अशा सुरात की आमच्या तरुण शिक्षिका एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कमलाभाभी तर त्यांच्या नवऱ्याला रोज भगवानरावांचा दाखला द्यायच्या. भाभींचं घराणं राजस्थानचं, तीन पिढ्या भोकरदनात कापडाचा व्यापार. त्या म्हणायच्या, "आमचे सेठजी कपड्याचे ठाण उलगडून दाखवतात, पण गजरा? बिलकुल नाही."

भगवानरावांचं स्वतःचं एक नाव होतं. लग्नात घेतलेलं. नंतर प्रत्येक बारशाला, वास्तुशांतीला, हळदीकुंकवाला कोणी आग्रह केला की तेच:

चंद्राची चांदणी, चांदणीचा झुला,
निर्मला, राणीसारखी ठेवीन तुला.

लोक टाळ्या वाजवायचे. आम्हाला सगळ्यांना ते पाठ होतं.

आणि हेच भगवानराव माठाला टेकून बसलेले असले तरी हाक मारायचे, "निर्मल, पाणी!" बाई स्वयंपाकघरातून, अंगणातून, एकदा तर शेजारणीच्या घरातून येऊन पाणी द्यायच्या. त्याची त्यांच्या अंगाला इतकी सवय झाली होती, की शाळेत कुठंही, अगदी मधल्या सुट्टीत एखाद्या मुलानं 'पाणी' असं ओरडलं, तरी बाई खुर्चीतून अर्ध्या उठायच्या. मग भानावर येऊन परत बसायच्या आणि हसायच्या. अठरा वर्षांत मी हे किती वेळा पाहिलं त्याची मोजदाद नाही. एवढी एक नोंद माझी राहिली.

एकदा बाईंना जालन्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मीही सोबत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर भगवानराव दारात. भोकरदनहून मोटारसायकलवर आलेले, अंगावर धूळ, हातात केळीच्या पानाची पुडी. "तुझ्याबिगर घास उतरंना," ते म्हणाले. सगळ्या तालुक्यांतून आलेल्या शिक्षिका बघत राहिल्या. एकीच्या डोळ्यांत तर पाणी आलं. बाईंनी गजरा घेतला, केसांत माळला आणि विचारलं, "काल काय खाल्लं?"

"फुटाणे."

"अन् आज?"

"सिलिंडर संपलं, निर्मल. दुसरं लावायला गेल्तो, ते नळकांडं बसंना."

बाई रजा टाकून त्यांच्या मागे बसून गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "गाढे मॅडम, त्याच्यात प्रेम किती अन् भूक किती, हे त्रैराशिक मला सुटलं न्हाई." वर हसल्या. तक्रार त्यांच्या आवाजात नव्हती. त्यांना तो माणूस आवडायचा. पाच वाजले की त्यांचं लक्ष फाटकाकडे असायचं, हेही मी पाहिलेलं आहे.

गावातल्या बायका मात्र मागून बोलायच्या. दुसऱ्यांच्या लेकरांना कामाला लावते अन् स्वतःच्या घरी सगळं स्वतःच करते. बाईंच्या कानावर ते होतं. त्या म्हणायच्या, "खरं हाये की." आणि वही तपासू लागायच्या.

ते बोलणं एकदा तोंडावर आलं, आणि त्याला कारण मी झाले.

एका एप्रिलमध्ये एकाच दिवशी दोन लग्नं होती. धावड्याच्या संदीपचं आणि हसनाबादच्या विलासचं. दोघांच्या नवऱ्या पूजाच. त्या वर्षी दर दुसरी नवरी पूजा होती. बाईंनी नावं सांगितली, मी सुवाच्य अक्षरात दोन चिठ्ठ्या लिहिल्या, दोन पाकिटांत घातल्या, पाकिटांवर नवरदेवांची नावं टाकली. यादीत खूण केली. सगळं व्यवस्थित. फक्त चिठ्ठ्या उलट्या पाकिटांत गेल्या.

संदीपनं आठ दिवस अंथरुणं उचलली होती. धावड्याच्या मांडवात जेवणाच्या पंगतीत नवरीला घास भरवताना त्यानं एका हातात जिलेबी आणि दुसऱ्या हातात चिठ्ठी धरून वाचायला सुरुवात केली. व्हिडिओवाल्यानं माइक तोंडाशी धरलेला.

साबणाचा फेस, फेसाचे रंग,
धुणं मी धुईन, पूजा वाळू घालील माझ्यासंग.

'धुणं' शब्दावर त्याचा चेहरा बदलला, पण ओळ सुरू झाली होती. तोंडातून निघून गेली. मांडवात हशा उसळला. नवरी खाली मान घालून हसत होती. विलासनं तिकडे हसनाबादला आठ दिवस धुणं धुऊन, अंथरूण उचलण्याचं नाव घेतलं. त्यानं काहीच तक्रार केली नाही.

संदीपची आई ताडकन उठली. "बाई, हे आपलं ठरल्तं का? माझं पोरगं धुणं धुईल? पाहुण्यांसमोर?"

मी पुढे होऊन म्हणणार होते, की चूक माझी आहे. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "चिठ्ठी बदलली, मावशी. माफ करा. पण बोलला ते बोलला."

"असं का? मंग आधी तुमच्या घरचं नाव ऐकू द्या की सगळ्यांला! भगवानराव, उठा. तुम्ही काय धुता, ते सांगा!"

पंगतीत सगळ्यांचे हात थांबले. भगवानराव तिसऱ्या ताटावर होते. मला वाटलं, आता हा माणूस काय करतो. तो आनंदानं उठला. हात पुसले, बाईंकडे बघितलं आणि माइक घेऊन, गळ्यात गाणं असल्यासारखं म्हणाला:

चंद्राची चांदणी, चांदणीचा झुला,
निर्मला, राणीसारखी ठेवीन तुला.

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पण. आपल्याला टोमणा मारला आहे, हे त्यांना कळलंच नव्हतं. संदीपच्या आईनं बाईंकडे पाहिलं, आणि बाई हातातल्या बांगड्या एकेक करून सरळ करत होत्या.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये भगवानरावांनी विचारलं, "कसं म्हटलं?"

"तेहतीस वर्षांत एक अक्षर चुकलं न्हाई," बाई म्हणाल्या.

ते खूश झाले.

दुसऱ्या दिवशी शिक्षक खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "बाई, तुम्ही त्यांना एक नाव लिहून द्या ना. जगाला देता."

"न्हाई. जगाला देते, ह्यांना न्हाई." कंपासपेटी उघडून त्यांनी उगाच बंद केली. "मला काय पाहिजे, सांगू? तव्यावरची गरम भाकर, बसून. ह्यांच्या हातची. तेहतीस वर्षं मी उभ्यानं सगळ्यांला गरम वाढली अन् शेवटी गार खाल्ली. एकदा मला कोणीतरी म्हणावं, बस, खा, दुसरी येऊन राह्यली."

"मग सांगा त्यांना."

"सांगून केलं तर ते माझंच काम झालं, मॅडम. आठवण ठेवायचं, सांगायचं, झालं का विचारायचं. भाकर त्यांची, बाकी सगळं माझं. त्यांचं त्यांना सुचलं पाहिजे." मग हळूच म्हणाल्या, "दोन वर्षांनी मी रिटायर होणार. लोक म्हणतील, आता निवांत. निवांत कुठून? माझी बदली होणार हाये. शाळेतून चुलीवर."

मला दुसरं काही येत नाही. मी यादी केली. त्यांच्या घरातली रोजची आणि आठवड्याची कामं, पहाटेच्या दुधापासून रात्रीच्या विरजणापर्यंत. त्रेचाळीस ओळी, शेजारी दोन रकाने. बाईंच्या रकान्यात एक्केचाळीस खुणा, भगवानरावांच्या रकान्यात दोन. शाळेत सोडणं-आणणं आणि गजरा. बाईंनी यादी शांतपणे वाचली, एका ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि गणिताच्या पुस्तकात ठेवून दिली. "छान केली," म्हणाल्या. काम झालेलं नाही हे मला तेव्हाच कळलं.

आठवड्यानं मधल्या सुट्टीत भगवानराव शाळेत आले. बाई दहावीचा जादा तास घेत होत्या. ते माझ्यासमोर बसले आणि खिशातून ती यादी काढली. पुस्तकातून पडली असणार.

"मॅडम, हे अक्षर तुमचं हाये."

"हो, भाऊ."

"तुम्ही गजरा कामात धरला." ते खरंच दुखावलेले होते. "ते काम न्हाई. ते प्रेम हाये."

मला पटलं. मी पेन घेतलं आणि गजऱ्याची ओळ खोडली. "बरोबर आहे. माझी चूक झाली. आता तुमच्याकडे एकच काम राहिलं."

ते खुणा मोजू लागले.

"आता बाईंच्या बाजूनं जे प्रेम असेल तेही काढू," मी म्हटलं. "न्याय सारखा पाहिजे. कोणत्या ओळी खोडू, तुम्ही सांगा."

त्यांनी यादी जवळ ओढली. बोट ठेवत ठेवत वाचत गेले. दूध. भाकरी. डबा. त्यांच्या आईची औषधं. तिथे बोट थांबलं. पुढे गेलं. पाहुणे. उन्हाळ्यातल्या कुरडया. त्यांच्या शर्टाची बटणं. पुन्हा थांबलं. शेवटपर्यंत गेले आणि परत वर आले. घंटा झाली. मुलं आत यायला लागली.

"हे मी नेऊ का?" त्यांनी विचारलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि गेले. त्या दिवशी पाचला ते फाटकाशी होते, गजरा घेऊन, नेहमीसारखे. पुढे काहीच घडलं नाही. महिना गेला, वर्ष गेलं. मी ते कलम बंद धरलं.

मधे एकदा आम्ही धावड्याला संदीपकडे तपासणीला गेलो. तो खरंच अंगणात धुणं धूत होता. त्याच्या आईनं आम्हाला बघून कपाळाला हात लावला. "बाई, तुमच्या चिठ्ठीनं माझं पोरगं परीट केलं!" आणि मग चहा टाकता टाकता म्हणाली, "पर एक सांगू? आता माझं लुगडंबी तोच पिळतो. माझं मनगट दुखायचं राह्यलं." बाई मला डोळ्यांनी म्हणाल्या, बघा. एवढा आनंद त्यांना दहावीच्या शंभर टक्के निकालाचाही झाला नव्हता.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा थंडीचे दिवस होते. शाळेच्या पटांगणात मांडव, शाल, श्रीफळ. माझ्या यादीप्रमाणे कार्यक्रम वेळेत सुरू झाला. मुख्याध्यापक म्हणाले, बाईंना आता घराकडे पूर्ण वेळ देता येईल. केंद्रप्रमुख म्हणाले, भाऊंची आता चंगळ आहे, दोन्ही वेळा गरम गरम. लोक हसले. बाई खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या. त्यांचं तोंड हसत होतं. हात कंपासपेटीवर घट्ट होता.

मग आग्रह सुरू झाला. नाव घ्या, नाव घ्या. बाईंनी घेतलं, साधंच, फुलांचं. "आता भाऊ! भाऊ!" भगवानराव उठले. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मागच्या रांगेतून मुलींनी सुरू केलं, "चंद्राची चांदणी..." त्यांनी हात वर केला. मुली थांबल्या. त्यांनी खिशातून एक कागद काढला. घड्यांवर विरलेला तो कागद मी लांबूनही ओळखला. माझीच यादी. तिच्या पाठीमागे काहीतरी लिहिलेलं होतं.

शाळेची घंटा झाली, दप्तर ठेव खाली,
निर्मला, सांजची भाकर आता मी करीन.

लोक थांबले. 'खाली'शी जुळणारं काहीतरी अजून यायचं आहे असं सगळ्यांना वाटत होतं. आलं नाही.

"भाऊ, यमक कुठाय?" कोणीतरी ओरडलं.

"यमक जुळवत बसलो तर भाकर करपती," भगवानराव म्हणाले.

हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "हे झालं साध्य. सिद्धता?"

"आज दहावा दिवस हाये, निर्मल."

"कुठं? घरी तर न्हाई केल्या."

"दुकानाच्या वर."

"साक्षीदार?"

बायकांच्या रांगेतून कमलाभाभी उठल्या. "मी आहे, बाई. माझ्याच स्वयंपाकघरात शिकले. बाजरीची आम्हीपण करतो ना. पहिल्या चार दिवसांच्या कुत्र्यानं खाल्ल्या. पाचव्या दिवसापासून सेठजींनी खाल्ल्या, अजून जिवंत आहेत."

पटांगण हसून खाली बसलं. त्या गोंगाटात बाई भगवानरावांजवळ गेल्या, त्यांच्या हातातला कागद घेतला, कंपासपेटीतून लाल पेन काढलं आणि कागदावर काहीतरी लिहून परत दिला. त्यांनी वाचलं आणि मान खाली घातली. नंतर मी विचारलं तेव्हा त्यांनी दाखवलं. दहापैकी सहा. खाली बारीक अक्षरात, 'यमकाचे चार गुण कापले.'

पुढची तीन वर्षं मी त्यांच्याकडे अधूनमधून संध्याकाळी जायचे. बाई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून ताट घेऊन बसलेल्या असायच्या. भगवानरावांच्या कोपरापर्यंत पीठ. भाकर जाड व्हायची आणि एका बाजूनं जरा लांब. ती गोल व्हावी यासाठी बाईंनी कंपास काढायची धमकी एकदा दिली होती. दर भाकरीनंतर भगवानराव विचारायचे, "कशी झाली?" आणि उत्तर मिळेपर्यंत पुढची थापायचे नाहीत. "हे एक नवं काम वाढलं," बाई मला म्हणायच्या, "कौतुक करायचं. तुमच्या यादीत घाला." आणि तव्यावरून आलेली भाकर मोडून वाफ तोंडावर घ्यायच्या, डोळे मिटून.

ती यादी मी पुन्हा केली. भगवानरावांच्या रकान्यात एकाच्या नऊ खुणा झाल्या. आईंची औषधं, माठ भरणं, सिलिंडर, स्वतःची बटणं. बाईंच्या बाजूला तरीही खूप राहिलं. बेरीज बघून मी काही म्हणणार, तोच बाई म्हणाल्या, "असू द्या मॅडम. चढ चढून राह्यलोय आम्ही. ह्या वयात पळायचं न्हाई." गजरा मात्र यादीत पुन्हा घालू दिला नाही. दोघांनीही.

भगवानरावांच्या आईंच्या माघारी मुलीनं दोघांना नाशिकला नेलं. निघण्याच्या दिवशी मी भोकरदनच्या बसस्थानकावर गेले होते. संभाजीनगरची गाडी लागलेली. पुढे तिथून बदलायची होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पर्स, केसांत ताजा गजरा. भगवानराव एक मोठी गोल पिशवी वरच्या फळीवर बसवत होते आणि ती बसत नव्हती.

"काय आहे त्यात, भाऊ?"

"काठवट. भाकरी थापायची."

"नाशिकला मिळेल की."

"मिळंल. पण हात हिच्यावर बसलाय."

बाईंनी माझ्याकडे बघून डोळे फिरवले. पण चेहरा असा होता, की मला जालन्यातली ती दुपार आठवली. धुळीनं माखलेला नवरा दारात आणि सगळ्या बायका बघताहेत. तेव्हा आम्हाला बाईंचा हेवा वाटला होता. खरं तर तो आत्ता वाटायला हवा होता, आणि वाटलाही.

कंडक्टर चढला. मी खिडकीची दांडी धरून काहीबाही सांगत होते, पोचल्यावर फोन करा, गोळ्या वेळेवर घ्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणाचं तरी लहान पोर ओरडलं, "पाणी! पाणी!"

बाई अर्ध्या उठल्या.

तोवर भगवानराव रिकामी बाटली घेऊन पायऱ्या उतरून नळाकडे निघाले होते. धोतराचा सोगा एका हातात, चप्पल फटफट वाजवत. बाईंनी खिडकीतून त्यांची पाठ बघितली. क्षणभर तशाच राहिल्या, ना उभ्या, ना बसलेल्या. मग बसल्या. पाठ टेकवून, ऐसपैस.